दादोबा पांडुरंग : दोन व्याकरणांच्या उंबरठ्यावर

शाळा चिंचणीची असो की मुंबईची, मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या तासाला एक प्रश्न हमखास अडवतो. अवतरणचिन्हांत बसवलेले एक वाक्य समोर येते आणि त्याचे अप्रत्यक्ष कथन करायला सांगितले जाते. मूल मनातल्या मनात मराठीकडे वळते. राम म्हणाला की मी उद्या येईन. त्याच्या लेखी काम संपले. दोन खुणा पुसल्या, एक की घातला. इंग्रजीचे समाधान एवढ्यावर होत नाही. तिथे मीचा तो करावा लागतो, येईन हे क्रियापद भूतकाळाच्या छायेत न्यावे लागते, उद्याचे दुसऱ्या दिवशी होते आणि इथेचे तिथे. चार ठिकाणी डागडुजी करून मूल मान वर करते, तेव्हा पाचवी जागा राहून गेलेली असते.

यात मुलाच्या बुद्धीचा दोष फारसा नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस क्षणभर त्या दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो आणि त्याच्याच तोंडाने बोलतो. इंग्रजी बोलणारा आपली जागा सोडत नाही. जे ऐकले ते तो आपल्या जागेवरून, आपल्या काळातून मोजतो. रीती दोन्ही रास्त आहेत, पण एकीचे नियम दुसरीला चालत नाहीत. या दोन रीती ज्यांच्या एकाच डोक्यात नांदल्या अशा पहिल्या पिढीच्या मराठी माणसांत एक ठळक नाव आहे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे. मराठीचे पाणिनी म्हणून त्यांचा गौरव झाला. इंग्रजी व्याकरण मराठी मुलाला मराठीतून समजावण्याचा उद्योगही त्यांनी केला, याची आठवण मात्र आज फारशी काढली जात नाही.

तर्खडकर हे आडनाव वसईजवळच्या तर्खड गावावरून आले. चिंचणी-तारापूरपासून दक्षिणेला पसरलेल्या याच किनारपट्टीवरचे हे गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तेव्हा डहाणू तालुक्यातली चिंचणी आणि वसई तालुक्यातले तर्खड एका जिल्ह्यात आले. योगायोग असा की ते दादोबांच्या जन्माचे दोनशेवे वर्ष होते. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र गावचा नव्हे. ९ मे १८१४ रोजी ते मुंबईत जन्मले आणि तिथेच वाढले. पेशवाई बुडायला तेव्हा चार वर्षे बाकी होती.

त्या काळच्या इतर मुलांप्रमाणे दादोबा आधी पंतोजींच्या शाळेत बसले. पुढे मुंबईत नव्याने सुरू झालेले इंग्रजी शिक्षण त्यांना मिळाले. संस्कृत आणि फारसी यांचाही अभ्यास त्यांनी केला. या चार भाषांचा शेजार त्यांच्या व्याकरणाच्या मुळाशी आहे. संस्कृत भाषा दुसऱ्याचे बोलणे संपले की शेवटी इति ठेवते आणि बोलणाऱ्याचे शब्द तसेच राहू देते. मराठीत तेच काम म्हणून आणि असे हे शब्द करतात. फारसीच्या सहवासाने की हा शब्द मराठीत रुळला असे मानले जाते. तो बोलण्याच्या आधी येतो, पण बोलणाऱ्याच्या मीला हात लावत नाही. एकट्या इंग्रजीने मीचा तो करायला सांगितले. या तरुणाच्या अभ्यासात एका बाजूला तीन भाषांचा कौल होता आणि दुसऱ्या बाजूला राज्यकर्त्यांची भाषा.

१८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. मराठीचे व्याकरण त्याआधी लिहिलेच गेले नव्हते असे नाही. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ सालचे, पण ते इंग्रजीत आणि इंग्रजांसाठी होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला होता. बाळशास्त्री जांभेकरांचे बालव्याकरणही १८३६ चेच. तरी मराठी मुलाच्या हाती मराठीतून मराठीचे सांगोपांग व्याकरण द्यावे, ही दादोबांची आकांक्षा मोठी होती. त्यांच्या ग्रंथाच्या पुढे आवृत्त्या निघत राहिल्या. १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी पहिल्या पुस्तकाचा बराच विस्तार केला. मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्या या व्याकरणावर किंवा त्याच्या लहान रूपावर वाढल्या. मराठी लघुव्याकरण १८६५ साली आले.

या व्याकरणाचा साचा कोठून आला, हा प्रश्न त्या काळीही वादाचा होता. संस्कृत परिभाषा दादोबांनी घेतली, पण मांडणीवर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. मरे हे मूळचे अमेरिकेतले वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक होऊन १७९५ साली त्यांनी लिहिलेले इंग्रजी व्याकरण अर्धशतकभर इंग्रजी शाळांवर राज्य करत होते, आणि कंपनी सरकारच्या शिक्षणाबरोबर ते हिंदुस्थानातही पोहोचले. गंमत अशी की इंग्रजी वैयाकरणांनी आपला साचा लॅटिनवरून उचललेला होता. अप्रत्यक्ष कथनाचा जो व्यायाम आज चिंचणीतले मूल करते, त्याचे मूळही लॅटिन वर्गांत सापडते. सीझरच्या ग्रंथांतली भाषणे सरळ वाक्यांत आणि पुन्हा वाकड्या वाक्यांत फिरवण्याचा तो प्रकार. लॅटिनचा अंगरखा इंग्रजीने चढवला आणि इंग्रजीचा मराठीने. मापात तो बसला नाही तेथे ओढाताण झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातून दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली ती अशाच जागा शोधून. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी आपल्या शास्त्रीय मराठी व्याकरणात या सर्व पूर्वसूरींचा हिशेब घेतला. दादोबांवर टीका पुष्कळ झाली, पण ज्याने पहिली चौकट उभी केली त्याच्यावरच टीका करता येते, हेही खरे.

मराठीला दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची शिस्त इंग्रजीने शिकवली, असा एक समज अधूनमधून ऐकू येतो. तो टिकणारा नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या-पाहिल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, आणि महानुभावांनी एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ कोणाकडून आले त्याची नावानिशी नोंद ठेवली. केसोबासांनी त्यातून चक्रधरांच्या मुखातली वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. कोणाचे शब्द कोणते, याबद्दलची एवढी काळजी आजच्या वर्तमानपत्रांनीही हेवा करावा अशी आहे. नव्हत्या त्या फक्त खुणा. हस्तलिखितात आणि मोडीच्या कागदांत बोलणे कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे वाचणाऱ्याने ओळखायचे असे. त्या खुणा मेजर थॉमस कँडी यांनी आणल्या. विरामचिन्हांची परिभाषा हे त्यांचे पुस्तक १८५० चे, म्हणजे दादोबांच्या व्याकरणाची दुसरी आवृत्ती निघाली त्याच वर्षीचे. अवतरणचिन्ह मराठीत असे दीडशे-पावणेदोनशे वर्षांचेच आहे. इंग्रजीतली वाक्यपद्धती मात्र खुणांबरोबर आली नाही. मराठीने चिन्हे घेतली आणि मीला मीच ठेवले.

दादोबांचे आयुष्य केवळ पुस्तकांत गेले असते तर ते एवढे गुंतागुंतीचे झाले नसते. तारुण्यात त्यांनी माळव्यात जावऱ्याच्या नबाबाला शिकवण्याची नोकरी केली. मुंबईत परतून ते अध्यापनाकडे वळले. १८४० च्या दशकाच्या आरंभी ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. मुंबई आणि सुरत जोडणारी रेल्वे पूर्ण व्हायला १८६४ साल उजाडले. दादोबांच्या सुरतेच्या दिवसांत वाट होती ती समुद्राची किंवा खुष्कीची, तर्खड आणि चिंचणीच्या याच किनाऱ्याला धरून जाणारी.

सुरतेत दुर्गाराम मंछाराम मेहताजी यांच्याबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, माणसाची जात एक, आणि भुताखेतांचे व मंत्रतंत्राचे थोतांड खोटे, असा त्या सभेचा विचार होता. जादूटोण्याचा दावा करणाऱ्यांना तिने उघड आव्हान दिले. सभेत काय घडले याच्या नोंदी दुर्गारामांनी ठेवल्या आणि महिपतराम रूपराम यांनी १८७९ साली लिहिलेल्या दुर्गारामांच्या चरित्रात त्या उपयोगात आणल्या. म्हणून या सभेत काय बोलणे झाले याचा काही माग लागतो, तोही गुजराती आणि चरित्रकाराच्या हातून आलेला.

मुंबईतल्या दुसऱ्या सभेबाबत तेवढेही भाग्य नाही. १८४६ साली दादोबा मुंबईला परतले. शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १८४९ च्या सुमारास परमहंस सभा सुरू झाली, तिच्या मागची प्रेरणा त्यांची. ही सभा गुप्त होती. जातिभेद मोडणे हे तिचे मुख्य ध्येय. सभासद होणाऱ्याला इतर जातीच्या हातचे अन्न खाऊन, पाव खाऊन आपली तयारी दाखवावी लागे. आज हे वाचताना हसू येईल. त्या काळी पाव खाल्ल्याची वार्ता फुटली तर घरातून, जातीतून, विहिरीवरून माणूस उठत असे. मराठीत एक लहानसा शब्द आहे, म्हणे. ते एकत्र जेवतात म्हणे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, याचा पत्ता न ठेवता गोष्ट पुढे ढकलणारा हा शब्द इंग्रजीच्या कोणत्याही नियमात बसत नाही. तिथे काहीतरी कर्ता शोधून वाक्य उभे करावे लागते. परमहंस सभा मुंबईत माहीत होती ती या म्हणेच्या आधाराने. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि नावे बाहेर पडतील या भीतीने सभा मोडली. अफवेला सभासद दहा वर्षे पुरून उरले होते. नावांच्या यादीपुढे ते टिकले नाहीत.

या लपाछपीबद्दल दादोबांना दोष दिला गेला आहे, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. सुधारणा पडद्याआड करून समाज बदलत नसतो. पण त्यांच्याच घरात उघड बोलणाराही होता. धाकटे भाऊ भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली बॉम्बे गॅझेट या इंग्रजी पत्रात एक हिंदू या टोपणनावाने आठ पत्रे लिहिली. इंग्रजांच्या राज्याने हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर जाते, हे त्यांनी राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांना थेट उद्देशून सांगितले. दादाभाई नौरोजींच्या संपत्तिनिःसारणाच्या मांडणीला तेव्हा बराच अवकाश होता. भास्कर १८४७ साली, तिशीच्या उंबरठ्यावरच, वारले. सर्वांत धाकटे आत्माराम डॉक्टर झाले आणि १८६७ साली प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत अग्रभागी राहिले. परमहंस सभेने जे दाराआड मांडले त्यातले बरेच प्रार्थना समाजाने दार उघडून मांडले.

१८५२ नंतर दादोबांची वाट बदलली. ते अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तेथे असताना भिल्लांचे बंड मोडण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. चरित्रांत ही हकिगत एका वाक्यात येते आणि पदवीपाशी संपते. माणसाची जात एक असे सुरतेत सांगणारा गृहस्थ डोंगरातल्या माणसांसमोर सरकारचा अधिकारी म्हणून उभा राहिला, हा प्रसंग एवढ्या घाईने ओलांडावा असा नाही. त्या काळी कचेरीत रयत बोलायची देशी भाषेत आणि वरिष्ठांकडे जाणारा कागद व्हायचा इंग्रजीत. वाटेत मीचा तो होई, माझी जमीनचे त्याची जमीन होई, आणि जे मागणे होते ते कथन होऊन जाई. व्याकरणाचा हा नियम तेथे वर्गातल्या गुणांपुरता राहत नव्हता. भिल्लांचे म्हणणे आज त्या बंडाच्या हकिगतीत ऐकू येत नाही. ऐकू येते ती पदवी.

१८६० साली त्यांचे इंग्रजी व्याकरणाची पूर्वपीठिका हे पुस्तक आले. मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. मॅट्रिकच्या परीक्षेने इंग्रजी हे विद्येबरोबर नोकरीचेही दार करून ठेवले होते. मराठी मुलाला इंग्रजीचे व्याकरण आधी मराठीतून कळले पाहिजे, ही या पुस्तकामागची भूमिका आज साधी वाटते. तिचे महत्त्व पुढचा इतिहास पाहिला की कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेसफील्ड यांची व्याकरणे हिंदुस्थानभर पसरली आणि १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड पुस्तक आले. प्रत्यक्षाचे अप्रत्यक्ष करण्याचे लांबलचक स्वाध्याय या इंग्रजी पुस्तकांनी घरोघरी नेले. त्यांत इंग्रजीचे नियम इंग्रजीतून सांगितलेले. मराठी मुलाची अडचण नेमकी कोठे आहे याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. मराठी घरांत त्या काळी आणि नंतरही कितीतरी वर्षे तर्खडकर म्हणजे इंग्रजीची भाषांतर पाठमाला असे समीकरण होते. ती पाठमाला दादोबांची नव्हे, दुसऱ्या तर्खडकरांची. पण मराठी वाक्य आधी, इंग्रजी वाक्य नंतर, ही तिची रीत आणि दादोबांच्या पूर्वपीठिकेची भूमिका एकाच दिशेच्या. आपल्या भाषेत दुसऱ्याचे बोलणे कसे सांगतात हे आधी ओळखले की इंग्रजी काय वेगळे करते ते दिसते. त्याने मला बसायला सांगितले, या मराठी वाक्यात अप्रत्यक्ष कथन आधीच घडलेले आहे; आज्ञेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी जवळजवळ एकाच वाटेने जातात. गोची होते ती विधानांत आणि प्रश्नांत. हे मुलाला कोणी सांगितले तर अर्धी भीती ओसरते.

१८६५ सालची यशोदापांडुरंगी ही मोरोपंतांच्या केकावलीवरची टीका. तिचे नाव आईवडिलांच्या नावांवरून ठेवलेले. केकावलीत कवी देवाशी थेट बोलतो, विनवतो, भांडतो. सगळे काव्य मी आणि तू यांच्यातले. टीकाकाराला ते गद्यात आणून कवी देवाला काय म्हणतो आहे हे वाचकाला सांगावे लागते. इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासाने तयार झालेली काव्यपरीक्षणाची दृष्टी दादोबांनी या जुन्या कवीला लावली. मराठी समीक्षेच्या आरंभीच्या प्रयत्नांत या ग्रंथाची गणना होते, ती रास्तच आहे.

उतारवयात त्यांचे मन पुन्हा धर्मविचाराकडे ओढले गेले. धर्मविवेचन १८६८ साली आणि पारमहंसिक ब्राह्मधर्म १८८० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या मधोमध, १८७८ साली, स्वीडनचे तत्त्वचिंतक इमॅन्युएल स्वीडनबर्ग यांच्या ग्रंथांवर एका हिंदू गृहस्थाचे चिंतन अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. पूर्वपीठिका लिहिणाऱ्या शिक्षकाने अखेर इंग्रजीत स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मीने लिहिले. त्याच वर्षी मुंबईत आत्मारामांच्या घरी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर इंग्रजी बोलण्याचा सराव करण्यासाठी येऊन राहिले होते. त्यांना शिकवत होती आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, दादोबांची पुतणी. इंग्रजी शिकवण्याचे काम तर्खडकरांच्या दुसऱ्या पिढीत असे चालू होते.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबा निवर्तले. आपले आत्मचरित्र त्यांनी लिहिले, पण ते १८४६ पर्यंतच येऊन थांबते. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. सुरतेची सभा त्यात त्यांच्या तोंडून येते. परमहंस सभा, अहमदनगर, भिल्ल, पदवी, पूर्वपीठिका हे सगळे त्या मर्यादेच्या पलीकडचे. अ. का. प्रियोळकरांनी १९४७ साली हे लेखन संपादून प्रसिद्ध केले आणि उरलेले आयुष्य कागदपत्रांच्या आधारे स्वतः लिहून त्याला जोडले. पुस्तकाला नावही त्यांनी आत्मचरित्र व चरित्र असेच दिले. पहिल्या भागात दादोबा मी म्हणून बोलतात. पाने उलटत १८४६ साल मागे पडते, आणि तेथून पुढे त्याच माणसाविषयी प्रियोळकर लिहू लागतात, ते म्हणून.